निवृत्त जिल्हा न्यायाधीश आता आर्थिक सल्लागार झालेत - फी देऊन सल्ला घ्यावा का?

सातारी_कंदी
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश राहतात. नाव-गाव लिहीत नाही, इथे त्यांच्या ओळखीचं कोणीतरी निघेलच. साठीला रिटायर झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं आता आर्बिट्रेशन करतील, नाहीतर ग्राहक आयोगावर जातील, गेलाबाजार लॉ कॉलेजात शिकवतील. तर साहेब घरात पुस्तकं घेऊन बसले, एनआयएसएम म्हणजे शेअरबाजाराचं शिक्षण देणारी संस्था, तिच्या गुंतवणूक सल्लागाराच्या दोन्ही परीक्षा दिल्या (निगेटिव्ह मार्किंगवाल्या, ६० टक्क्यांना पास), सेबीचं रजिस्ट्रेशन घेतलं आणि आता खालच्या मजल्यावर एका खोलीत ऑफिस थाटलंय. मूळचे बी.कॉम., मग एलएल.बी.

आता माझा प्रश्न. आई झेडपीच्या शाळेतून नुकतीच रिटायर झाली. बाबा नाहीत. ग्रॅच्युइटी, पीएफ, थोडी पेन्शन विकली त्याचे पैसे, सगळं मिळून रक्कम बरी आहे आणि ती सगळी सेव्हिंग खात्यात लोळतेय. साहेबांची फी वर्षाला २० हजार. दादा म्हणतो जन्मभर खून-मारामाऱ्या ऐकल्या, यांना म्युच्युअल फंडातलं काय कळणार, आणि आपला नेहमीचा एजंट तर फुकट करून देतो. आईचा मात्र साहेबांवर विश्वास, पण तो "जज्ज आहेत म्हणजे खोटं सांगणार नाहीत" इतकाच.

न्यायाधीशाच्या नोकरीचा अशा कामात खरंच काही उपयोग होतो का? कोणी फी देऊन सल्ला घेतलाय का? मोकळेपणाने लिहा.

खवट_खोबरं
फंड पडला तर अपील कुठे करायचं? हायकोर्टात की दलाल स्ट्रीटवर? (हलकेच घ्या)

मोगरा
दादाच्या बाजूने लिहिते. कोर्टात जज्जसमोर दोन वकील असतात, दोघं एकमेकांचं खोटं बाहेर काढतात, साक्षी-पुरावे होतात आणि मग साहेब जे घडून गेलं त्यावर निकाल देतात. इथे समोर एकच माणूस बसतो, तोही निम्मं लपवतो, आणि ठरवायचं असतं ते पुढच्या वीस वर्षांचं. दोन्ही कामात डोकं लागतं हे मान्य, पण चांगला सर्जन आहे म्हणून कोणी त्याच्याकडून घराचा प्लॅन काढून घेत नाही.

दुसरं म्हणजे या लोकांनी स्वतः कधी शेअर घेतलेला असतो का?

हिशेबनीस
आधी सांगून टाकतो, मी म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर आहे, त्यामुळे माझं मत त्या हिशेबाने वाचा.

कंदीताई, "एजंट फुकट करून देतो" हे डोक्यातून काढा. आम्ही तुमच्याकडून चेक घेत नाही एवढंच. रेग्युलर प्लॅनमध्ये फंड कंपनी आम्हाला दरवर्षी ट्रेल म्हणजे चालू कमिशन देते, इक्विटी फंडात साधारण अर्धा ते एक टक्का, आणि तो तुमच्याच पैशातून खर्चाच्या नावाखाली जातो. जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन आहेत त्यात हा खर्च नसतो. सेबीचा सल्लागार फी घेतो म्हणून त्याला त्याच घरातून कमिशन घेता येत नाही. फीलाही वरची मर्यादा आहे, ठरावीक रकमेची पद्धत असेल तर एका कुटुंबाला वर्षाला १ लाख ५१ हजार. २० हजार म्हणजे काही लूट नाही.

पण २० हजार पोराच्या हातून ऑनलाइन जाताना दिसतात, ट्रेल दिसत नाही. आमचा धंदा त्यावरच चालतो, काय लपवायचं.

साठीला हे सुरू करणं सोपं झालंय ते डिसेंबर २०२४ नंतर. आधी अनुभवाची अट होती, नेटवर्थ दाखवावी लागायची. आता अनुभवाची अट गेली, नेटवर्थच्या जागी डिपॉझिट आलं, १५० क्लायंटपर्यंत १ लाख.

भांडुपकर
अनुभवाची अट गेली ही चांगली गोष्ट आहे का पण? :)

बदलीवाली
मोगरा, "स्वतः कधी शेअर घेतलेला असतो का" याचं उत्तर मी देते, कारण मी जज्जची मुलगी आहे. नाही. आणि तो बाबांचा दोष नाही.

सरकारी नोकरांच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत सट्टा करायला मनाई आहे आणि वारंवार शेअर घेणं-विकणं म्हणजे सट्टाच धरतात. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये वरच्या न्यायमूर्तींसाठी जी आचारसंहिता केली तिच्यातही शेअरचा सट्टा नको असं स्पष्ट लिहिलंय. दरवर्षी मालमत्तेचं विवरणपत्र द्यायचं. मग घरात गुंतवणूक म्हणजे काय तर जीपीएफ, एलआयसी, पोस्टाची सर्टिफिकेटं. बस. आईने भिशी लावायची म्हटली तरी बाबा विचारायचे, भिशीत कोण कोण आहे? त्यात एका वकिलाची बायको निघाली, झालं, भिशी बंद.

आमचं आयुष्यच तसं होतं. कनिष्ठ स्तरावर तालुक्याला सुरुवात, दर तीन वर्षांनी बदली, कौलारू सरकारी क्वार्टर, सामानाच्या पेट्या कधी पूर्ण उघडल्याच नाहीत. दिवाळीला कोणी मिठाईचा पुडा ठेवून गेलं की पट्टेवाला सायकलवर तो परत द्यायला जायचा आणि आम्ही भावंडं खिडकीतून त्या पुड्याकडे बघत बसायचो. लग्नाला जायचं तर आधी चौकशी, यजमानाची आपल्या कोर्टात केस नाही ना. बाबांना गावात मित्र नव्हतेच. संध्याकाळी फायली घरी यायच्या, रात्री जेवण झालं की निकालपत्र लिहीत बसायचे, महिन्याला अमुक युनिटचं काम झालंच पाहिजे ते टेन्शन वेगळं. स्वतःचं घर कधी घेतलं तर रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली तेव्हा.

त्यामुळे साहेबांना बाजाराचा अनुभव नसणार ही शंका बरोबर आहे. पण समोरच्याकडून काही न घेता त्याच्याबद्दल निर्णय करायचा ही सवय मात्र हाडात असते. कमिशनवाल्या जगात ती किती कामाची ते तुम्ही ठरवा.

मोगरा
हे माहीत नव्हतं. शेअरवाला मुद्दा मागे. बाकीचं मत कायम :)

न्यूजर्सीकर
रुमाल टाकून ठेवतोय, वीकेंडला सविस्तर लिहितो. (लिहिणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे.)

पुढची_तारीख
मी तालुक्याला वकिली करतो, जास्त करून मोटार अपघात दावे. "खून-मारामाऱ्या ऐकल्या, पैशातलं काय कळणार" हे वाचून हसलो, कारण जिल्हा न्यायाधीशाचं अर्धं काम पैशाचंच असतं.

अपघातात माणूस गेला की दावा ट्रिब्युनलपुढे येतो आणि तिथे बसलेले असतात जिल्हा न्यायाधीशच. त्यांना काय काढायचं असतं? हा माणूस जगला असता तर घराला किती देऊ शकला असता. उदाहरण घ्या, ३४ वर्षांचा टेम्पोवाला, महिना १५ हजार कमाई, मागे बायको, दोन पोरं, आई. वर्षाचे १ लाख ८० हजार. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के धरा (२०१७ चा प्रणय सेठी निकाल), झाले २ लाख ५२ हजार. खाणारी तोंडं चार म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, राहिले १ लाख ८९ हजार. त्या वयाला गुणक १६ (२००९ चा सरला वर्मा निकाल, त्यात वयाप्रमाणे १८ पासून ५ पर्यंत तक्ता आहे). गुणाकार ३० लाख २४ हजार. वर भरपाईचे बाकीचे हेड्स.

बघा, कमाई, महागाई, अवलंबून किती, वय किती. टर्म इन्शुरन्स किती काढावा हा हिशेब याहून वेगळा काय असतो?

आणि खरी गंमत पुढे आहे. रक्कम मंजूर झाली म्हणून सगळी हातात देत नाहीत. पोरांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी, विधवेचा काही भाग तीन-पाच वर्षं एफडी, आणि पावतीवर शेरा की कोर्टाच्या परवानगीशिवाय मोडायची नाही, कर्ज काढायचं नाही. मग एफडी मोडायचे अर्ज येतात. एकदा असाच अर्ज होता, घरदुरुस्तीसाठी पैसे हवेत म्हणून. बाई पदर डोक्यावरून घेऊन उभी, मागे दीर आणि सासरा. त्यावेळचे साहेब अर्ज वाचून गप्प बसले, मग त्या दोघांना बाहेर व्हरांड्यात थांबायला सांगितलं आणि बाईला विचारलं, घराचं काय काय करायचंय? पत्रे बदलायचेत का, किती? तिला सांगता येईना. पाच मिनिटांनी तिनेच सांगितलं की दिराला ट्रॅक्टरचं डाऊन पेमेंट भरायचंय. अर्ज नामंजूर. निकालात ट्रॅक्टरचा उल्लेखही नाही, नाहीतर घरी तिचे हाल झाले असते. फक्त "दुरुस्तीचे अंदाजपत्रक दाखल नाही" एवढं एक वाक्य.

अशी वर्षं काढलेला माणूस तुमच्या आईशी पैशाबद्दल बोलायला बसला तर तो कुठला फंड घ्या याच्या आधी मागे कोण उभं आहे ते बघेल.

बदलीवाली
पुढची_तारीख, +१००. बाबा या अर्जांबद्दल घरी एक अक्षर बोलायचे नाहीत, पण तसा दिवस असला की जेवायचे कमी.

भांडुपकर
तो गुणकाचा हिशेब नवऱ्याला करायला लावला. आमचं टर्म कव्हर आलेल्या आकड्याच्या निम्मंही नाही. रविवार गेला आमचा, धन्यवाद.

खवट_खोबरं
ट्रॅक्टरचं पुढे काय झालं?

पुढची_तारीख
दिराने पतसंस्थेतून कर्ज काढून घेतला. जामीन कोण राहिलं ते विचारू नका.

जुनी_वही
थोडं अवांतर. जज्ज आणि पैशाचा सल्ला हे आपल्याकडे नवीन नाही. १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले, वह्या-कर्जखतं जाळली, मग १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्या कायद्यात कोर्टाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासायचा अधिकार मिळाला, म्हणजे कागदावर अंगठा आहे म्हणून विषय संपला असं नाही, मुद्दल किती दिलं, व्याज कसं चढवलं ते जज्जने काढायचं. या कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून काम कोणी केलं तर न्या. महादेव गोविंद रानडे. गावोगाव फिरून कर्जाच्या चोपड्या बघितलेला माणूस, आणि त्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं ते काही नुसती पुस्तकं वाचून नाही.

त्याच काळात पुण्याचे डिस्ट्रिक्ट जज्ज होते विल्यम वेडरबर्न. त्यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची योजना मांडली, शेतकऱ्याला रास्त व्याजाने कर्ज मिळावं म्हणून. पुण्याच्या मंडळींचा पाठिंबा होता, हिंदुस्थान सरकारही तयार होतं, लंडनला भारतमंत्र्याने मोडता घातला.

मोगरा
छान माहिती, पण रानडे रिटायर होऊन सल्लागार कुठे झाले? ते तर १९०१ मध्ये हायकोर्टावर असतानाच गेले. धाग्यातला प्रश्न "निवृत्त" आहे.

जुनी_वही
म्हणून तर अवांतर म्हटलं बाई :)

न्यूजर्सीकर
चमत्कार, मी परत आलो.

"निवृत्त" हवेत तर घ्या. सेबीच्या निर्णयावर अपील जातं ते सॅट या लवादात, त्याचे प्रमुख बहुतेक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात, आपल्या मुंबई हायकोर्टाचे न्या. देवधर होते तिथे. न्या. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली २०११ ते २०१३ सगळ्या आर्थिक कायद्यांची फेररचना सुचवणारा आयोग होता. पर्ल्स म्हणजे पीएसीएल बुडाली, सेबीच्या हिशेबाने ४९,१०० कोटी लोकांकडून गोळा केलेले, ते परत करायचं काम सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये दिलं न्या. लोढा समितीकडे. एनएसईएल या कमोडिटी एक्स्चेंजमध्ये लोकांचे पैसे अडकले त्यावेळी मुंबई हायकोर्टाने न्या. डागा यांची समिती नेमली होती.

पण यात एक गोम आहे बघा. ही सगळी मंडळी येतात ती घर जळाल्यावर. राख कोणाला किती ते वाटायला. कंदीताईंचे साहेब जळायच्या आधी येतायत, म्हणून मला केस इंटरेस्टिंग वाटली.

त्यांना असं करता येतं का हा प्रश्न मनात आला म्हणून शोधलं. सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना निवृत्तीनंतर कुठल्याच कोर्टात वकिली करता येत नाही, हायकोर्टवाल्यांना फक्त सुप्रीम कोर्ट आणि दुसऱ्या हायकोर्टांत करता येते. ही बंदी वकिलीवर आहे, सल्लागार होण्यावर नाही. आणि कंदीताईंचे साहेब तर जिल्ह्याचे.

इंदूरकर_भाऊ
कायद्याने चालतं हो, शोभतं का ते बोला. आमच्याकडे एक सोसायटी बुडाली तिच्या बोर्डावर निवृत्त मोठे अधिकारी होते, जाहिरातीत फोटो त्यांचेच. लोकांनी फोटो बघून पैसे ठेवले. उद्या हे साहेब एकदम सचोटीचे असतील, पण त्यांचं बघून अजून दहा जण "माजी न्यायाधीश" अशी पाटी लावून बसतील, त्यातले सगळे तसेच असतील का? पदाचा मान पद सोडल्यावर दुकानात लावू नये असं माझं मत.

सातारी_कंदी
भाऊ, पाटीवर "न्यायाधीश" शब्दच नाहीये. नाव, सेबीचा रजिस्ट्रेशन नंबर, भेटायची वेळ. मी आज मुद्दाम जाऊन वाचली.

खवट_खोबरं
पाटीवर नसू दे, वॉचमनपासून सगळे "जज्जसाहेब" म्हणतात ना? मग पाटीची गरज काय.

मोगरा
खवट पहिल्यांदा काहीतरी कामाचं बोलला. हाच माझा प्रॉब्लेम आहे. आई त्यांना उलट प्रश्न विचारेल का? एजंटला आपण दहा प्रश्न विचारतो, बँकेतल्या पोरीला झापतो, पण साहेबांसमोर "हे का?" विचारायला आपली जीभ रेटत नाही.

हिशेबनीस
हे बरोबर. म्हणून अशा वेळी सल्ला कागदावर मागायचा, कारणासकट. सेबीच्या सल्लागाराला तसा करार आणि रेकॉर्ड ठेवावंच लागतं. कारणासकट लिहायचं म्हणजे माजी जज्जला तर काय, हात शिवशिवत असतील :)

लिंबाचं_लोणचं
आमच्या सासूबाईंचा किस्सा. बँकेत एफडी रिन्यू करायला गेल्या आणि मॅनेजरने प्रेमाने चहा पाजून युलिप (बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी) गळ्यात मारली, दरवर्षी हप्ता, पाच वर्षं हात लावायचा नाही, वय तेव्हा ६७. बँकेचं नाव घेत नाही. हातात पॉलिसी आल्यापासून ती परत करायची, फ्री लुकची मुदत असते ती निघून गेली कारण पाकीट फोडलंच नव्हतं. त्यावेळी असा कोणी साहेब शेजारी असता तर वर्षाला २० काय ४० हजार दिले असते.

गोंयकार
वाचतोय. आमच्याकडे गोव्यात निवृत्त जज्जकडे लोक जातात ते वारसाहक्कासाठी, कारण कायदाच वेगळा. मुलं असली तर निम्म्याहून जास्त इस्टेट मृत्युपत्राने कोणाला देताच येत नाही, निम्मी सक्तीच्या वारसांची. पुण्यामुंबईच्या लोकांना हे कोणी सांगत नाही. गुंतवणूक सल्लागाराला फंड माहीत, हे माहीत नाही.

पुढची_तारीख
गोंयकारांनी बरोबर जागी बोट ठेवलं. नॉमिनीचंच घ्या ना, अजून लोकांना वाटतं नॉमिनी म्हणजे मालक. मुंबई हायकोर्टात २०१० ला एका न्यायमूर्तींनी शेअरच्या बाबतीत तसं म्हटलंही होतं, २०१६ ला खंडपीठाने ते फिरवलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शक्ती येझदानी केसमध्ये कायमचं सांगून टाकलं की शेअरचा नॉमिनी मालक होत नाही, हक्क वारसांचा. विम्यात २०१५ पासून नवरा-बायको, आईवडील, मुलं नॉमिनी असली तर वेगळं आहे. म्हणजे एकाच माणसाच्या मागे शेअरला एक नियम, विम्याला दुसरा. घरोघरी भांडणं इथेच लागतात आणि जज्जने तीच आयुष्यभर ऐकलेली असतात.

भांडुपकर
सगळं छान पण कोणी कंदीताईंच्या मूळ प्रश्नावर बोलणार आहे का? आईंचं वय काय? झेडपी म्हणजे ५८ ला रिटायर ना?

सातारी_कंदी
हो, ५८.

हिशेबनीस
ताई मग घाई करा! सिनियर सिटिझन स्कीम (एससीएसएस) साठीच्या आत फक्त रिटायर झालेल्यांना मिळते, आणि तीही पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडली तर. आधी एकच महिना होता, नोव्हेंबर २०२३ ला वाढवला. ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी व्याज. मुदत गेली की आईंना साठ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल.

तुमच्या एजंटने हे सांगितलं का? नसेल सांगितलं. या स्कीमवरचं कमिशन सरकारने २०११ मध्येच बंद केलंय.

सातारी_कंदी
एजंटने नाही सांगितलं. साहेबांनी सांगितलं. मी इथे अपडेट द्यायलाच आले होते.

काल मी आईला त्यांच्याकडे घेऊन गेले, दादाही आला, हाताची घडी घालून बसला होता. फी अजून घेतली नाही, म्हणाले आधी कागद बघू, मग करार, मग फी. एक तास झाला तरी म्युच्युअल फंड हा शब्द निघाला नाही. आईने आणलेल्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर तीन गठ्ठे केले. तिसरा गठ्ठा सगळ्यात मोठा, तो "दुरुस्ती लागेल" असा. पोस्टाच्या आणि बँकेच्या निम्म्या ठेवींना नॉमिनी म्हणून बाबांचं नाव, बाबा जाऊन सहा वर्षं झाली. एक मोठी एफडी पतसंस्थेत, पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणून. तर साहेबांनी विचारलं, तिथे विमा किती आहे माहीत आहे का? दादा ऐटीत म्हणाला पाच लाख. साहेब म्हणाले ते बँकेला, पतसंस्थेला ते कवच नाही. दादाने हाताची घडी सोडली.

मग विचारलं, कोणाला जामीन राहिलात का? आई गप्प. परत विचारलं, त्याच आवाजात. तेव्हा कळलं की मामाच्या कर्जाला आई जामीन आहे, चार वर्षांपासून, आम्हा दोघांनाही पत्ता नाही. मामाचे हप्ते थकलेत का ते आईला माहीत नाही.

म्युच्युअल फंडाचं शेवटी दादानेच विचारलं. साहेब म्हणाले, त्याला घाई नाही, एससीएसएसला आहे, मुदत संपायला अठरा दिवस राहिलेत. बाकी फंडांबाबत मला वाटलं त्यांचं उत्तर जरा ढोबळ होतं, इंडेक्स फंड आणि थोडं थांबून, एवढंच. मोगराची शंका अगदीच चुकीची नाही.

पुढची_तारीख
ताई, मामाचं प्रकरण आधी हातात घ्या. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, संस्था आधी मामाच्या मागे लागलीच पाहिजे असं नाही. चालू कर्जातून "मी जामीन काढून घेतला" म्हणून एकतर्फी बाहेर पडता येत नाही. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेतला की अवघड होतं. पेन्शनला जप्तीपासून संरक्षण आहे, एफडीला नाही. आणि कर्ज जर त्याच पतसंस्थेचं असेल जिथे आईची एफडी आहे तर...

सातारी_कंदी
त्याच संस्थेचं आहे.

पुढची_तारीख
उद्याच जा. कर्जखात्याचा उतारा लेखी मागा, थकबाकी आहे का बघा. तोंडी विचारू नका.

मोगरा
इथे मी मान्य करते की एजंट काय, मी स्वतः सल्लागार असते तरी जामीन राहिलात का हे विचारलं नसतं. फंडासाठी मात्र दुसरं मत घ्या. साहेबांना तसं सांगून घ्या, चोरून नको.

इंदूरकर_भाऊ
मामांना कळलं की नाही अजून?

सातारी_कंदी
आईनेच फोन केला. मामी म्हणाल्या, आता घरातल्या गोष्टी कोर्टात नेणार का. आई म्हणाली कोर्टात नाही, तळमजल्यावर. :(

उतारा आणला आज. सात हप्ते थकलेत, दाखला अजून घेतलेला नाही. दादा आणि मामा शनिवारी बसणार आहेत. एससीएसएसचा फॉर्म भरला, नॉमिनी आम्ही दोघं. आणि फी आई स्वतःच्या पेन्शनमधून देणार म्हणाली, आमच्याकडून घ्यायला तयार नाही.

हिशेबनीस
उत्तम. करारावर सही करायच्या आधी रजिस्ट्रेशन नंबर सेबीच्या साइटवर टाकून बघा, सल्लागाराचा असेल तर आयएनए ने सुरू होतो. जज्ज असले तरी बघा.

सातारी_कंदी
बघितला. पहिल्याच भेटीत त्यांनीच दादाला बघायला लावला होता.

खवट_खोबरं
शनिवारच्या बैठकीचा वृत्तांत आल्याशिवाय धागा बंद करू नये ही नम्र विनंती. मामांच्या बाजूनेही कोणीतरी बोललं पाहिजे.